संगणक सुरू होतानाचे इशारे: किती पाहिलेले, किती ऐकीव

जून ते सप्टेंबर हे चार महिने इन्सुलीसारख्या गावात संगणकाच्या परीक्षेचे असतात. सावंतवाडी तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याच्या अलीकडे असलेले हे गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, विजांचा कडकडाट, तारांवर पडणाऱ्या फांद्या आणि दिवसातून कितीदा तरी जाणारी-येणारी लाईट हे या भागाला नवे नाही. अशा दिवसांत संगणक सुरू केला की पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ उमटते: डिस्क सापडत नाही, पंख्यात दोष आहे, संगणक नीट सुरू झाला नाही. ती वाचून घरातली माणसे धास्तावतात, दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि पुष्कळदा निकाल आधीच ठरलेला असतो: हार्ड डिस्क गेली, किंवा फॉरमॅट मारावे लागेल. या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. सुरू होताना दिसणारी ओळ हा यंत्राच्या प्रकृतीवरचा निर्णय नसतो. एका छोट्या प्रोग्रामने काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, किंवा मिळालेच नाही, एवढीच ती नोंद असते. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे धडधाकट भाग भंगारात जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रे कारण नसताना पुसली जातात.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी बोलतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. त्याला आपण अजूनही बायोस म्हणतो. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला, त्यातही ही सुरुवातीची तपासणी होती: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क उत्तर देते का. त्यानंतर बूटलोडर, मग ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, मग एकेका भागाचे ड्रायव्हर आणि शेवटी पडद्यामागे चालणाऱ्या सेवा अशी रांग लागते. यातल्या प्रत्येकाला यंत्राचा एक तुकडाच दिसतो, तोही एखाद्या तारेवरच्या विद्युतदाबातून किंवा चिपच्या खान्यात लिहिलेल्या आकड्यातून. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या पॅरलल पोर्टच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये 'एलपी झीरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटरला आग लागली आहे, असा संदेश आजही सापडतो. आग ओळखणारे काहीच त्या जोडणीत नव्हते. कागद संपल्याची एक तार, प्रिंटर तयार असल्याची एक, दोषाची एक, असा सगळा मामला. कागद आहे, प्रिंटरही तयार आहे आणि तरी दोषाची तार बोलते आहे, अशा वेळी कारण कळायला मार्ग नव्हता; त्या रिकाम्या जागी हे वाक्य बसले. वादळात पडलेल्या घराचा पंचनामा करताना भिंत पडलेली दिसते असे लिहिता येते. ती कशाने पडली हे पंचनाम्यावरून ठरत नाही. सुरुवातीच्या संदेशांची मर्यादा नेमकी तेवढीच आहे, फक्त त्यांची भाषा निकालपत्राची असते.

पावसाळ्यात सर्वाधिक फसवणारा संदेश विंडोजचा आहे: 'युवर पीसी डिड नॉट स्टार्ट करेक्टली'. त्याआधी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' अशी ओळ येते आणि आत काहीतरी मोडले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात विंडोज इथे एक साधी मोजणी करत असते. लागोपाठ दोनदा सुरू होणे अर्धवट राहिले, किंवा सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत लागोपाठ दोनदा संगणक अचानक बंद पडला, तर ती आपणहून दुरुस्तीच्या पडद्याकडे वळते. दोन वेळा लाईट गेली आणि जोडीला यूपीएस नसला, किंवा त्याची बॅटरी मेलेली असली, तर हा पडदा यायला एकही भाग बिघडावा लागत नाही. बंद होण्याचे कारण मोजणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त अपुरी राहिलेली सुरुवात. अशा वेळी पुरवठा स्थिर झाल्यावर एकदा नीट सुरू करून पाहणे हाच पहिला उपाय. लिनक्सवर याच प्रसंगी 'रिकव्हरिंग जर्नल' अशी ओळ दिसते. अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंद फाइल सिस्टिमने आधीच करून ठेवलेली असते, ती वाचून ती स्वतःला पूर्वस्थितीत आणते. लाईट गेल्यावर जे व्हायला हवे तेच तिथे होत असते. 'रिकव्हरी' हा शब्द मात्र ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स करतो.

दुसरा नमुना मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर२०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल संगणकाचे घड्याळ चालवतो आणि पुष्कळ बोर्डांवर बायोसची ठरवलेली मांडणीही जपतो. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर संगणक बंद असला तरी पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार पडत नाही. कोकणात मात्र विजांच्या भीतीने प्लग काढून ठेवायची सवय आहे, आणि ती योग्यच आहे. त्याची किंमत तो सेल मोजतो. सेल उतरला की 'सीमॉस चेकसम एरर' किंवा तारीख-वेळ ठरवलेली नाही अशी ओळ येते. हा संदेश बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, पण तो एफ वन दाबून पुढे ढकलला जातो आणि खरा घोळ नंतर सुरू होतो. घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते. ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र आजच्या तारखेला चालते का ते पाहतो. तारीखच चुकीची असली तर ते प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून सुरूच झालेले नसते. मग 'तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो आणि दोष इंटरनेटवर किंवा व्हायरसवर जातो. बायोसची मांडणी पुसली गेली तर डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची आणि आधी कुठून सुरू व्हायचे हेही मूळपदावर जाते. तेव्हा उमटते 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', आणि पाहणारा म्हणतो, डिस्क गेली. एका स्वस्त सेलपासून निघालेली ही साखळी तीन वेगवेगळ्या भागांवर आळ घेते, आणि त्यांपैकी एकही दोषी नसतो.

याच 'प्रॉपर बूट डिव्हाइस'च्या ओळीमागे आणखीही कारणे असू शकतात. पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला आणि संगणक आधी त्याच्याकडे गेला. डिस्कची साटा केबल सैल झाली. दमट हवेने जोडणीच्या टोकावर गंज चढला. किंवा डिस्क खरोखरच गेली. प्रोग्रामला ही कारणे वेगळी करता येत नाहीत, कारण त्याच्यापर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच पोहोचते: जिथून सुरू व्हायचे ते सापडले नाही. पंख्याचा इशाराही तसाच. मदरबोर्ड पंख्याच्या तारेतून येणारे ठोके मोजतो आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली आले की 'सीपीयू फॅन एरर' म्हणतो. ही मर्यादा बऱ्याच बोर्डांवर मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास असते. मंद फिरणारा मोठा, शांत पंखा बसवला, किंवा पंख्याची पिन शेजारच्या जागी लावली, तर थंडावा पुरेसा असूनही इशारा येतो. यूएसबीच्या बाबतीत 'ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड' असे म्हणून काही बोर्ड १५ सेकंदांत संगणक बंद करतात. पुढच्या बाजूच्या पोर्टमधली वाकलेली पत्री किंवा आत साचलेला ओलावा एवढ्यानेही हे घडू शकते, आणि आळ येतो अख्ख्या मदरबोर्डवर.

लिनक्स वापरणाऱ्यांसमोर असे संदेश अधिक येतात, कारण ती अधिक मोकळेपणाने बोलते. इंटेलच्या वायफायचा ड्रायव्हर सुरू होताना आपल्याला चालणारी सर्वांत नवी फर्मवेअर फाइल मागतो. ती नसली तर त्याआधीची, तीही नसली तर त्याहून जुनी. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची 'फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे दोन' अशी ओळ उमटू शकते. उणे दोन म्हणजे एवढेच की त्या नावाची फाइल नाही. तीन-चार ओळींनंतर जुनी फाइल सापडते आणि वायफाय नीट चालते, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ते अपयश. 'एसीपीआय बायोस एरर' ही ओळ त्याहून सार्वत्रिक आहे. वीज-व्यवस्थापनासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हा करार जाहीर केला. त्यानुसार संगणक बनवणारा आपल्या यंत्राचे वर्णन तक्त्यांत लिहून देतो. एकाच तक्त्यावर अनेक मॉडेल भागवली जातात, आणि तक्त्यात उल्लेखलेला भाग या मॉडेलमध्ये नसला की कर्नल म्हणते, खूण सापडली नाही. चूक आहे ती वर्णनात. तसेच 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिट सेकंद मोजणाऱ्या ओळीचे. पूर्वी काढून टाकलेल्या पार्टिशनचे नाव एफएसटॅब या यादीत राहिले असेल, तर संगणक ९० सेकंद त्याची वाट पाहतो. डिस्कला काहीही झालेले नसते. जुनी यादी कोणी दुरुस्त केलेली नसते.

आतापर्यंतची उदाहरणे खोट्या भीतीची झाली. खोटा दिलासा अधिक घातक असतो. लिनक्सच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'ओके, स्टार्टेड' अशा ओळी सरकतात. सिस्टिमडी नावाची व्यवस्था त्या लिहिते, आणि तिच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच सांगितले आहे की 'सिंपल' प्रकारची सेवा तिची प्रक्रिया जन्माला घातली त्या क्षणी सुरू झाली असे धरले जाते. मूळ प्रोग्राम चालवता आला नाही तरीही. म्हणजे हिरवा शब्द आज्ञा दिल्याची पावती आहे. बाजारात मिळणाऱ्या बनावट पेनड्राइव्हचे उदाहरण तर कुणालाही तपासता येईल. आत मोजकीच जागा, पण कंट्रोलरमध्ये एक टेराबाइटचा आकडा लिहिलेला. तो लावला की ऑपरेटिंग सिस्टिम एक टेराबाइट दाखवते, कारण मोजायची तिची पद्धत म्हणजे त्यालाच विचारणे. खरी जागा भरली की पुढच्या फाइली बिनबोभाट खराब होत जातात. एफथ्री किंवा एचटूटेस्टडब्ल्यू यांसारखे प्रोग्राम प्रत्यक्ष लिहून आणि परत वाचून पाहतात, तेव्हाच लबाडी उघडी पडते.

आज्ञेची पावती आणि प्रत्यक्ष स्थिती यांची गल्लत किती महाग पडू शकते हे २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसले. दाब सोडणारी एक झडप उघडून अडकली होती. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवत होता, कारण तो दिवा जोडला होता झडप मिटवणाऱ्या विद्युत आज्ञेला. झडप खरोखर मिटली का हे पाहणारे काही त्यात नव्हते. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्या कक्षातली माणसे अडाणी नव्हती. त्यांनी दिव्याला तो प्रश्न विचारला नाही जो आपणही विचारत नाही: तुला हे कसे कळले?

यावर पहिला आक्षेप येईल, की मग हे संदेश दुर्लक्षून टाकावेत का? मुळीच नाही. कोणता संदेश जड मानायचा हे त्यामागच्या पुराव्यावर ठरवता येते, आणि त्यासाठी हार्ड डिस्कचा मोठा दाखला हाताशी आहे. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद स्मार्ट नावाच्या व्यवस्थेत ठेवते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार महत्त्वाच्या निर्देशकांपैकी एकानेही आधी सूचना दिली नव्हती. म्हणजे 'स्मार्ट ओके' हा आरोग्याचा दाखला म्हणून कमकुवत आहे. उलट बाजूने, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता अशी चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. तेव्हा 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' ही ओळ दिसली तर त्याच दिवशी माहितीची प्रत काढावी, त्यात चालढकल नको. यातून निघणारा नियम सोपा आहे. भागाने स्वतः मोजून स्वतःविषयी दिलेली वाईट बातमी गंभीर घ्यावी. दुसऱ्याने 'सापडले नाही' म्हटले तर आधी जोडणी, पुरवठा आणि मांडणी पाहावी. आणि 'सर्व ठीक' या एकट्या शब्दावर विसंबू नये.

दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला हे सारे दाखवायचेच कशाला? कंपनीचे चिन्ह दाखवा, ओळी लपवा. हा मार्ग लिनक्सच्या बऱ्याच वितरणांनी घेतला आहे, आणि त्याचा परिणाम उलटा होतो. लिनक्स कर्नल आपल्या संदेशांना शून्य ते सात अशा आठ पायऱ्यांवर बसवते. शून्य म्हणजे सर्वांत गंभीर. सुरू करताना 'क्वाएट' हा शब्द दिला की मूळ मांडणीप्रमाणे चारपेक्षा कमी क्रमांकाचे, म्हणजे चूक आणि त्याहून गंभीर मानलेलेच संदेश पडद्यावर येतात. 'डिस्क सापडली', 'नेटवर्क जोडले' या शेकडो शांत ओळी गाळल्या जातात आणि एसीपीआयची तक्रार तेवढी एकटी उरते. संदर्भ काढून घेतलेली खरी ओळसुद्धा दिशाभूल करते. लपवायचेच असेल तर पूर्ण लपवावे आणि मागितल्यावर पूर्ण दाखवावे; अर्धे लपवणे सर्वांत वाईट.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इशारा चुकून जाण्यापेक्षा जास्तीचा दिलेला बरा. आगीच्या घंटेबाबत हे पटते, कारण खोट्या घंटेने फार तर चार मिनिटे जातात. संगणकाच्या खोट्या इशाऱ्याची परिणती फॉरमॅटमध्ये होत असेल तर तो निरुपद्रवी म्हणता येत नाही. शिवाय इशारे वाढले की त्यांचे वजन उतरते. थ्री माइल आयलंडमध्ये सुरुवातीच्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे वाजू लागले होते आणि त्यांतला महत्त्वाचा कोणता हे कळेना. रोज एफ वन दाबून पुढे जाणारा माणूस ज्या दिवशी स्मार्टचा इशारा येईल त्या दिवशीही एफ वनच दाबेल. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे सुधारता येते. सिस्टिमडीमध्येच 'नोटिफाय' नावाचा दुसरा प्रकार आहे. त्यात सेवा स्वतः 'मी तयार आहे' असे कळवते आणि मगच हिरवी ओळ उमटते. वायफायच्या ड्रायव्हरने अधलेमधले प्रयत्न गप्प ठेवून शेवटी 'अमुक फाइल वापरली' एवढे सांगितले तरी हजारो माणसांचा गोंधळ वाचेल. काय विचारले आणि काय उत्तर आले हे साध्या शब्दांत लिहिणे कोणत्याही प्रोग्रामला अशक्य नाही.

तोवर वापरणाऱ्याने काय करावे? ओळीचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढावा, कारण दुरुस्तीच्या दुकानात 'काहीतरी एरर येतेय' या वाक्याचा उपयोग शून्य. पेनड्राइव्ह आणि इतर जोडण्या काढाव्यात. बायोसमध्ये जाऊन घड्याळ बरोबर आहे का आणि डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क निदान उत्तर तरी देते आहे. मग स्वस्तातून महागाकडे जावे: आधी सेल, मग केबल, मग दुसरे पोर्ट, आणि शेवटी डिस्क किंवा बोर्ड. संशय डिस्कवर असेल तर ती दुसऱ्या संगणकाला लावून वाचता येते का ते पाहावे आणि माहिती आधी बाहेर काढावी. अनुभवी दुरुस्तीवाले हेच करतात. भाग बदलून पाहणे ही त्यांची पद्धत शास्त्रशुद्धच आहे, कारण तो दुसरा, स्वतंत्र पुरावा असतो. हरकत आहे ती एका ओळीवरून थेट निकालावर उडी मारण्याला.

म्हणून गिऱ्हाइकांनी एक साधा आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते. दुरुस्तीच्या पावतीवर 'हार्ड डिस्क खराब' किंवा 'फॉरमॅट केले' एवढेच नको. कोणता संदेश दिसत होता, कोणती चाचणी केली आणि तिच्यात काय आढळले, या दोन ओळी तिथे असाव्यात. प्रामाणिक कारागिराला त्या लिहायला एक मिनिटही लागणार नाही, आणि ज्याने चाचणी केलीच नाही त्याला त्या लिहिता येणार नाहीत. फॉरमॅटचे बटण दाबण्याआधी गिऱ्हाइकाने मागावी अशी हमी हीच.